दोन सुतांचा वड

आमच्या इंदुरातल्या गल्लीत वडाला पंधरा दिवसांत दोनदा सूत गुंडाळतात. आधी शेजारच्या भाभी येतात, भिजवलेले हरभरे आणि बांबूचा पंखा घेऊन. मग पौर्णिमेला आमच्या घरच्या बायका, आंबे, फणसाचे गरे आणि गव्हाची ओटी घेऊन. २०२५ साली त्यांची वटसावित्री २६ मेला होती, आमची वटपौर्णिमा १० जूनला. भाभींचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. म्हणून त्यांची ज्येष्ठ अमावास्या ती आमच्या पंचांगात वैशाखाची. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घरांनी तिथी आपली ठेवली, झाड इथलं धरलं. "माँजी, आपका तो पूनम को है ना?" भाभी दरवर्षी आजीला विचारायच्या. आजी दरवर्षी मराठीतच म्हणायची, "हो गं बाई, पौर्णिमेलाच."

या शहराने झाडांची नावं जिभेवर ठेवली आहेत: इमली बाजार, पिपली बाजार, बडवाली चौकी. बडवाली चौकी म्हटलं की मला आधी झाड दिसतं, मग रस्ता.

आजीचा वड मात्र रोजचा होता. पान खुडलं की येणारा पांढरा चीक ती टाचेच्या भेगांत भरायची. कोवळ्या पारंब्या खोबरेल तेलात उकळून ते तेल आमच्या डोक्याला चोळायची. पोट बिघडलं की सालीचा काढा. वैद्यही वड, पिंपळ, उंबर यांच्या साली पंचवल्कलात धरतात आणि त्या काढ्याने जखम धुतात. श्राद्धाला पत्रावळी वडाच्या पानांच्याच. लालबुंद फळांवर साळुंक्या तुटून पडत. वडाची फुलं त्या फळाच्या पोटात दडलेली असतात आणि तिथवर पोचते ती एक इवलीशी गांधीलमाशी. ती नसेल तर बी धरत नाही.

बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या पूजेला विकतात. ते मला सोसवत नाही. ज्याच्याकडे आयुष्य मागायचं, त्यालाच कापायचं?

संस्कृतात वडाला न्यग्रोध म्हणतात, खाली वाढणारा. पारंबी मातीला टेकली की तिचं खोड होतं. पण आमच्या वडाभोवती फरशी घातलेली. पारंब्या टेकायच्या आणि सुकायच्या. गेल्या उन्हाळ्यात भाभींनी आणि आईने मिळून पाराच्या कडेची फरशी उखडली, काळी माती भरली.

पहिल्या पावसानंतर जाऊन पाहिलं. एक पारंबी मातीत उतरली होती. तिला भाभींचा लाल नाडा आणि आमचं पांढरं सूत, दोन्ही चिकटलेले होते.