व्हाळातला पाचोळा

आंबोलीला जाणारे बहुतेक लोक धबधबा पाहतात, भिजतात, भाजलेली कणसे खातात आणि परततात. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस जिथे कोसळतो, तिथे त्या पावसाचे कौतुक करायचे नाही तर कुठे करायचे? मला मात्र आंबोली आवडते ती माघात. धुके विरलेले असते, गर्दी नसते आणि जंगलातले लहान लहान ओहोळ, ज्यांना तिकडे व्हाळ म्हणतात, ते अंगात आलेला वारा उतरल्यासारखे शांत झालेले असतात. पाणी घोट्याएवढे, आणि त्या पाण्यात, दगडांच्या आडोशाला, पाचोळ्याच्या गाद्याच्या गाद्या.

आमच्या हिच्या मामांचे घर अशाच एका व्हाळाच्या काठी आहे. गेल्या माघात आम्ही आठ दिवस तिथे होतो. मामांचा धाकटा मुलगा पुण्याची नोकरी सोडून गावी आला आहे. पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत, कर्ज डोक्यावर आहे, आणि मुलगा कष्टाळू आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो मला व्हाळावर घेऊन गेला.

"भावोजी, ही घाण बघा. कितीही काढा, आठ दिवसांत पुन्हा तेच. आता काठाला चिरे लावून घेतो, तळाला सिमेंट करतो आणि वरची ही झाडे काढून टाकतो. पाला पडायलाच नको! पाहुण्यांना पाण्यात पाय सोडून बसता आले पाहिजे."

मामा मागेच उभे होते. ते एवढेच म्हणाले, "कुर्ल्यो आसत तंवसर काळजी नाय," आणि गोठ्याकडे निघून गेले. कुर्ल्या म्हणजे खेकडे. मुलाला या बोलण्याचा अर्थ लागला नाही, की लावून घ्यायचा नव्हता, कोण जाणे.

मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. तेव्हा खोड अशी की घरातून एनॅमलची पांढरी थाळी मागवली. ती घेऊन आली त्याची सात वर्षांची मुलगी, आणि मग ती काही तिथून हलली नाही. पाचोळ्याचा एक ओंजळभर गठ्ठा उचलून थाळीत सोडला आणि वर तांब्याभर पाणी ओतले.

वरची पाने नुकतीच पडलेली होती, जांभळाची, अजून कडक. पान पाण्यात पडले की पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातले विरघळणारे सारे निघून जाते, चहाची पत्ती उतरावी तसे. कधी कधी पानाचे पाव वजन तेवढ्यातच उतरते. त्यांच्या खालची पाने काळसर आणि मऊ, बोटात धरली तर फाटणारी. आणि अगदी तळाशी नुसत्या शिरा राहिलेल्या. लहानपणी पिंपळाचे पान पाण्यात भिजत घालून त्याची जाळी आपण सगळ्यांनीच केली आहे. ती जाळी आपण केली, असे तेव्हा आपल्याला वाटत असे!

ती करणारे पहिले कारागीर डोळ्यांना दिसतच नाहीत. १९४२ साली इंगोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या बुरशा पाहिल्या. त्यांचे बीजाणू गोल नसतात; पुष्कळांना चार हात फुटलेले असतात, म्हणजे वाहत्या पाण्यात कुठल्या ना कुठल्या पानाला एक तरी हात अडकावा. धबधब्याखाली जो पांढरा फेस जमतो त्यात हे बीजाणू थव्याने सापडतात. पुढे मंगळूर विद्यापीठाच्या के. आर. श्रीधर यांनी सह्याद्रीच्या ओढ्यांमधल्या या बुरशांचा मोठा अभ्यास केला. बुरशी पानात शिरते, त्याचा कडकपणा मोडते आणि आपल्या अंगाने ते पौष्टिक करते. आंबोलीत बसून आंबोळी खाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कच्चे तांदूळ-उडीद कोण खाईल? पीठ आंबले की मग त्याला चव येते. पाण्यातल्या किड्यांचेही तेच मत आहे. ताजे पान आणि आंबलेले पान समोर ठेवले, तर ते आंबलेल्याकडे वळतात.

"हे पान चालतंय!" मुलगी ओरडली.

खरेच चालत होते. एका अळीने पानाचे दोन लंबगोल तुकडे कापून, आपल्या रेशमाने एकावर एक चिकटवून त्यांच्या मधे बिऱ्हाड केले होते. घर अंगावर घेऊन ती हिंडते आणि पाने कुरतडते. तिच्या उष्ट्याचा जो भुगा पडतो तो वाहत खाली जातो, आणि खालच्या दगडांवर तिचेच चुलतभाऊ रेशमाची जाळी ताणून तो गाळून खातात. थाळीत तीन शेपट्यांचे, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलवणारे एक पिल्लूही निघाले. पंख फुटल्यावर ते जेवणारच नाही. एखाद-दोन दिवसांत लग्न, अंडी आणि मरण. शिवाय चतुराची एक अळी दबा धरून बसली होती, जबड्याखालचा चिमटा मिटून. कुर्ली थाळीत आली नाही, पण दगडाखाली होती. पाने फाडण्याचे जड काम आपल्या ओढ्यांत पुष्कळदा तीच करते.

धाकटा हसला. "म्हणजे मी किडे पाळायचे?"

त्याला मी अमेरिकेतली हकीकत सांगितली. नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा इथे ब्रूस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली जंगलातल्या एका ओढ्यावर जाळ्याचे छत घातले, कडेनेही अडसर लावला. तळाला सिमेंट नाही, झाडांना कुऱ्हाड नाही. फक्त पान पडू द्यायचे नाही. १९९७ साली त्यांनी तीन वर्षांचा हिशेब छापला. पाने खाणारे तर घटलेच, पण ज्यांनी जन्मात पान तोंडाला लावले नाही ते शिकारी किडेही घटले. उतारावरच्या शेवाळलेल्या खडकांवरची वस्ती मात्र जवळजवळ तशीच राहिली, कारण तिचे जेवण वरून वाहत येणाऱ्या बारीक कणांवर होते.

आपल्याकडचे वेळापत्रक थोडे निराळे. तिकडे शरदात एकदम पानगळ होते. इथे सदाहरित झाडे वर्षभर थोडे थोडे पान टाकतात आणि हिवाळा-उन्हाळ्यात जास्त. तेव्हा पाणीही मंद असते, म्हणून पाचोळा जागच्या जागी मुरतो. मृगाचा पाऊस आला की उरलेसुरले सगळे खाली. हे पाणी पश्चिमेला समुद्र एवढा जवळ असून तिकडे जात नाही. हिरण्यकेशीला मिळून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला आणि तिच्याबरोबर कृष्णेला जाते. त्याच हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाजवळच्या पाण्यात, बोटभरही नसलेला एक मासा २०२० साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. त्याचे नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

झाडे तोडून सावलीला निलगिरी लावू, असेही त्याच्या मनात होते. पण सगळी पाने सारखी नसतात. उंबराचे पान लवकर मुरते, जांभळाचे चिवट पान सावकाश, आणि निलगिरीच्या पानातले तेल व तुरटपणा पुष्कळ किड्यांना मानवत नाही. पोर्तुगालमध्ये निलगिरीची रानेच्या राने झाली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना ओढ्यांत हा प्रश्न अभ्यासावा लागला.

तो काही बोलला नाही. बँकेचा हप्ता पाचोळ्यातून निघत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगी मात्र जेवणवेळेपर्यंत थाळीपाशी होती. दोन पाहुणे खोलीबाहेर आले, तेही तिच्याशेजारी उकिडवे बसले. धाकटा ओट्यावरून तिकडे बराच वेळ पाहत होता.

श्रावणात त्याचा फोन आला. करंज तोडला. उंबर आणि वरच्या अंगाच्या दोन जांभळी ठेवल्या. काठाला चिरे लागले, पण गवंडी पुढच्या कामाला गेल्यामुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे, तळाचे सिमेंट राहिले ते राहिले. निलगिरीचे नाव त्याने काढले नाही, मीही काढले नाही. मग मामांनी फोन घेतला. पावसाची चौकशी झाली, भाताची झाली. आणि ठेवता ठेवता म्हणाले, "कुर्ल्यो चिऱ्यांच्या फटीत रवाक लागल्यो."