कर घेता, कायदा कुठे?

नगरच्या नागापूर एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की टपरीवर चहाबरोबर मोबाइल निघतात. ओळखीच्या एका सीएनसी ऑपरेटरने काल स्क्रीन पुढे केली. यंदा एका क्रिप्टो कॉइनमध्ये ४० हजार फायदा, दुसऱ्यात ५० हजार तोटा. दोन्ही विकून मोकळा झालेला. पदरचे दहा हजार गेले. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला: तोटा वजा करता येत नाही, म्हणून ४० हजारांवर ३० टक्के, वर ४ टक्के सेस. कर १२,४८० रुपये. चहा निवला तरी तो आकड्याकडेच बघत होता.

*

कराचा हा नियम १ एप्रिल २०२२ पासूनचा. कर भरला म्हणजे सरकारने मान्यता दिली, असं पोरं समजतात. तसं नाही. क्रिप्टोसाठी स्वतंत्र कायदा झालेलाच नाही. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत तसं विधेयक होतं, पण ते मांडलंच गेलं नाही.

*

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांतून दूर केलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. दर दोन-तीन वर्षांनी वारा फिरतो. अशा बाजाराचा दहा वर्षांचा अंदाज कशावर बांधायचा?

*

गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक योजनेवाल्यांनी महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं, तोवर लोकांचे पैसे गेले होते.

*

नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला. ते दिवस नगरकर विसरलेले नाहीत. पण तिथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. त्या ग्राहकांच्या पाठीशी असा विमा नव्हता. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. युरोपच्या ‘मायका’ या क्रिप्टो नियमांत ग्राहकाची नाणी कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावी लागतात. आपल्याकडे अशी सक्ती कायद्यात नाही.

*

सरकारने कर जरूर घ्यावा, पण तोटा वजा करू द्यावा आणि ग्राहकाची नाणी राखायची जबाबदारी कायद्यात लिहावी. तोवर, मित्रांनो, पतसंस्थेचं कर्ज काढून किंवा पीएफ उचलून यात पैसे घालू नका.