आधी हात, मग विसावा

विश्रांती ही कोणाच्या हुकुमाने येणारी गोष्ट नव्हे. 'गप्प बस' असे मुलाला बजावून किंवा 'जरा स्वस्थ पडा' असे वडीलधाऱ्यांना विनवून कोणाच्या घरी शांतता नांदू लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही; आणि मुलांना व मोठ्यांना एकत्र बसवून इंद्रियखेळांचे व विश्रांतीचे वर्ग घेण्याचे काम पत्करल्यापासून माझी अशी धारणा दृढ होत गेली आहे की, ज्याच्या हातांना, कानांना आणि नाकाला मनाजोगते काम मिळालेले नाही, त्याच्याकडून स्वस्थतेची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

या विचाराची वाट माझ्यापूर्वी थोरांनी घालून दिलेली आहे. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले, तेव्हा ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाला त्यांनी अक्षरओळखीच्याही आधीचे स्थान दिले. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार आपल्या भूमीत रुजवला. आणि पुढे बोर्डीला व कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी, महागड्या सामग्रीची वाट न पाहता, आदिवासी मुलांच्या पायाखाली व माथ्यावर जे निसर्गाने मांडून ठेवले होते त्या बियांना, पानांना आणि खड्यांना शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा मिळवून दिली.

माझ्या वर्गाचा सरंजामही त्यामुळे साधाच आहे. एका परातीत चाळलेली वाळू, दुसरीत भाताचे तूस, तिसरीत चिंचोके, एका घमेल्यात भिजवलेली शाडूची माती, मलमलीच्या पुरचुंड्यांत ओवा, सुंठ आणि ओला वाळा, आणि झाकणे घट्ट बसवलेल्या डब्यांच्या जोड्या, ज्या केवळ खुळखुळवून, कानाने जुळवायच्या. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके किंवा मणी येणार नाहीत, कारण ते तोंडात आणि नाकात जातात, असा माझा कडक दंडक आहे. खाण्याचे धान्य मी खेळायला देत नाही. अन्नाला पाय लागला तर हात जोडणाऱ्या घरांतून ही मुले येतात, आणि तुसाने ते काम तितक्याच चोखपणे भागते.

शाडूच्या घमेल्यापाशी एक मुलगा नेहमी अडतो. बोटे फाकवून, मनगट छातीशी घेऊन तो उभा राहतो. मातीचा एक शिंतोडा अंगठ्यावर उडाला तरी तो सदऱ्याला पुसतो आणि पुन्हा पुन्हा न्याहाळतो. त्याचा हात धरून मातीत बुडवावा, म्हणजे भीड चेपेल, असे पालकांना वाटते, आणि नेमके तेच मी होऊ देत नाही. अमेरिकेतील व्यवसायोपचार-तज्ज्ञ जीन एअर्स यांनी दाखवून दिले की, काही मुलांची मज्जासंस्था हलक्या स्पर्शालाही संकट मानते. त्या धास्तीला हट्ट समजणे अन्यायाचे आहे. म्हणून त्याला आधी लाकडी पळी मिळते, मग कोरडे तूस, आणि आढेवेढे घेत घेत एके दिवशी तो आपल्या खुशीने करंगळीचे टोक मातीला लावतो. जी मुले हलक्या स्पर्शाने बिथरतात, त्यांना गोधडीत, तोंड मोकळे ठेवून, घट्ट गुंडाळून घेणे पुष्कळदा आवडते. तो भार त्यांना निववतो.

मोठ्यांची अडचण निराळी. कचेरीत हयात घालवलेले एक आजोबा नातीबरोबर येतात. प्रथम त्यांनी चिंचोक्यांच्या परातीकडे एखाद्या अपुऱ्या दस्तऐवजाकडे पाहावे तसे पाहिले आणि याचा उपयोग काय, असे विचारले. मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्यांनी चिंचोक्यांच्या सारख्या आकाराच्या ओळी लावायला घेतल्या, नातीने त्या मोडल्या, त्यांनी पुन्हा लावल्या. आणि मग ओळींचा नाद सोडून, एकच चिंचोका अंगठ्याखाली घेऊन, त्याच्या गुळगुळीत पाठीवरून तो फिरवीत ते बराच वेळ बसून राहिले.

अशा वेळी, हात आपणहून मंदावले की, चटया अंथराव्यात. आमच्याकडे शवासनाची परंपरा जुनी आहे, आणि शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू आधी ताणून मग सोडण्याची जी रीत ग्रंथरूपाने मांडली, तिचाही मी उपयोग करतो: मूठ आवळा, थांबा, सोडा, खांदे कानांकडे न्या, थांबा, सोडा. मुलांच्या पोटावर वाळूची छोटी पिशवी ठेवली की, ती वर-खाली होताना पाहण्यात त्यांचा श्वास आपसूक लांबतो. उच्छ्वास दीर्घ झाला की हृदयाची गती उतरते, हा शरीराचाच शिरस्ता आहे. शेवटी माँटेसरीबाईंचा मौनाचा खेळ: शेजारच्या खोलीतून मी एकेकाचे नाव कुजबुजते, आणि ज्याचे नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता यावे. या खेळात सर्वांत आतुरतेने कान टवकारून पडलेले असतात ते आईबापच.

'कसे वाटले?' असे लगेच विचारायचे नाही आणि छायाचित्रे काढायची नाहीत, हे दोन नियम मी सर्वांकडून पाळून घेते. कारण अनुभवाचा जाबसाल सुरू झाला की अनुभव आवरता घ्यावा लागतो. हे वर्ग म्हणजे औषधोपचार नव्हेत, हेही मी पहिल्याच भेटीत सांगते. ज्या मुलाची स्पर्शाची भीती जेवण, कपडे आणि झोप यांच्या आड येते, त्याला तज्ज्ञाकडेच न्यावे.

परंतु बाकीच्यांसाठी माझ्या वर्गाचीही आवश्यकता नाही. घरात परात आहे, वाळू कोठेही मिळते. मुलासमोर ती ठेवा, स्वतः मांडी घालून त्याच्यापाशी बसा, आपलेही हात तिच्यात घाला, आणि तेवढा वेळ कृपा करून त्याला काहीही शिकवू नका.