डबा तोच, हुकूम नवे

मैत्रिणींनो, मिक्सर बिघडला की आपण तो गल्लीतल्या दुकानात दुरुस्तीला टाकतो, हो की नाही? मग वायफायचा डबा, म्हणजे राउटर, जुना झाला म्हणून फेकायचा कशाला? डबा धडधाकट असतो, पोटातले हुकूम तेवढे जुने होतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. कंपनी काही वर्षं त्यात दुरुस्त्या पाठवते आणि मग हात झटकते. आमच्या साताऱ्याच्या घरी असंच झालं. (कंपनीचं नाव नको.) ‘नवा घ्या’, एवढंच उत्तर.

‘चालतोय ना, मग झालं!’ इति आमचे हे. पण २०१८ साली एका घातकी प्रोग्रॅमने जगभरातले निदान ५ लाख राउटर आणि तसलीच यंत्रं पोखरली होती, पासवर्ड चोरण्याचीही सोय त्यात होती. आपले बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, सगळं ह्याच डब्यातून जातं बरं का!

सांगलीच्या आमच्या वन्सं भारी हौशी. त्यांनी ‘ओपनडब्ल्यूआरटी’चं नाव काढलं. त्याची गोष्ट गमतीची आहे. लिंक्सिस कंपनीने २००२ च्या अखेरीस एक राउटर काढला. पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे शेजारणीकडचं विरजण. खुशाल न्या, पण त्यावर केलेलं विकलंत तर कृतीही द्यायची. कंपनीला ती द्यावी लागली आणि त्यातूनच २००४ साली हे फुकटचं फर्मवेअर सुरू झालं. आजही जगभरची माणसं ते नीट ठेवतात.

वन्संचा आणि आमचा डबा दिवाळीत एकदमच घेतलेला, दिसायला जुळा. पण तळाच्या चिठ्ठीवर आवृत्तीचा आकडा वेगळा! त्यांच्यात जागा ८ एमबी, आमच्यात ४. आता किमान ८ लागते, १६ असेल तर उत्तम. म्हणजे आमचा बाद.

त्यांचा बदलताना मी मुद्दाम सांगलीला गेले. नेमक्या त्याच आवृत्तीची फाइल घ्यायची, लॅपटॉपला वायरने जोडायचं आणि मधे वीज जाऊ द्यायची नाही, नाहीतर डब्याची वीट होते. बाहेर पाऊस, म्हणून वन्संनी डबा आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. दिवा लुकलुकत राहिला, आम्ही दोघी गप्प. मग डबा जागा झाला, पण वायफाय गायब! घाबरू नका, ते सुरुवातीला बंदच असतं. आधी आपला पासवर्ड घालायचा, मग वायफाय सुरू करायचं.

इंटरनेटवाल्याने भाड्याने दिलेल्या डब्याला मात्र हात लावू नका, तो आपला नव्हे. नव्या डब्याची वॉरंटीही सहसा जाते.

परतण्याआधी जुन्या वस्तूंच्या दुकानात मी एकेक राउटर उलटा करून चिठ्ठी वाचत होते. दुकानदार म्हणाला, ‘काकू, तळाला काय बघताय?’ चौथा डबा १६ एमबीचा निघाला. तो घेऊन मी साताऱ्याची एस. टी. पकडली.