सपोर्ट संपलाय, बाबा!

पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी नांदेड, मग उमरखेड आणि दुपारच्या जेवणाला ढाणकी. दिवाळीत घरी जायचा हा माझा ठरलेला रूट. २०२५ च्या दिवाळीत मात्र सॅकमध्ये आईच्या साडीसोबत एक पेन ड्राइव्हही होता. त्यात लिनक्स. मिशन : बाबांचा कॉम्प्युटर!

हा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या घरातला म्हातारा बैल. २००९ मध्ये असेंबल केलेला, नंतर विंडोज सेव्हन टाकलेला. त्या सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर येईनात. मग एकेक वेबसाइट रुसू लागली. ‘बाबा, भंगारात द्या, मी नवा पाठवतो,’ हे मी फोनवर किमान दहा वेळा ऐकवलं असेल. पण बाबा रिटायर्ड मास्तर. पेन्शन आणि हट्ट, दोन्ही सुरू! गावातल्या लोकांचे अर्ज तेच टाइप करून देतात. त्या वर्षी पावसानं सोयाबीन झोपवलं होतं, त्यामुळे सणातही दारात माणसं होती.

तुम्ही म्हणाल, आयटीवाल्याला काय, अर्ध्या तासाचं काम! मलाही तसंच वाटलं होतं. पेन ड्राइव्ह लावला, एंटर मारलं आणि स्क्रीन... काळाकुट्ट.

व्हिलन निघाला मदरबोर्डवरचा व्हिडिओ चिपसेट. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे सिस्टिम आणि चिप यांच्यातला दुभाषा. या चिपसाठी विंडोजचा दुभाषा होता, लिनक्सचा धड कुणी केलाच नव्हता. बूट होताना ‘नोमोडसेट’ हा ऑप्शन टाकला, तेव्हा कुठे चित्र उमटलं. पण कसं? कामचलाऊ व्हेसा मोडमध्ये. चित्र काढायचा सगळा भार प्रोसेसरवर, त्यामुळे पान सरकवलं की धक्के. १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ चं चित्र ताणून बसवलेलं. अक्षरं पसरट, जोडाक्षरं पुसट. बाबा चष्मा पुसून पुसून बघत होते. दोष चष्म्याचा नव्हता.

दोन रात्री कॉन्फिगरेशनच्या फायली खरवडल्या. जुना कर्नल, नवा कर्नल, सगळं करून झालं. डोक्याची पार मंडई! शेवटी म्हटलं, “बाबा, नाही होत. याला सपोर्टच नाही.”

बाबा तेव्हा ओसरीवर एका काकांचा अर्ज हातानं लिहीत होते. मान वर न करताच म्हणाले, “याच्या आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. यालेही कुठं सपोर्ट आहे? मग काय वापस पाठवू त्याले?”

मी गप्प. मग स्क्रू ड्रायव्हर आणला आणि कॅबिनेट उघडलं. आत पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट चक्क रिकामा! हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

भाऊबीज झाल्यावर नांदेड गाठलं. जिल्हा यवतमाळ असला तरी आमची मोठी खरेदी नांदेडचीच. सातशे रुपयांत एनव्हिडियाचं जुनं सेकंडहँड कार्ड मिळालं. लिनक्समध्ये त्याला चालवतो तो ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर. त्याची कहाणी भन्नाट आहे. कंपनीकडून माहिती मिळत नव्हती, म्हणून काही लोकांनी कार्डाचं वागणं बाहेरून तपासत तपासत हा ड्रायव्हर लिहिला. २०१० मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. २०१२ मध्ये लिनक्सच्या जनकानं, लिनस टोरवाल्ड्सनं, फिनलंडमधल्या कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर त्या कंपनीला शिवी हासडली होती. २०२२ मध्ये कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण नव्या पिढीच्या कार्डांपुरता. जुन्या कार्डांचा वाली अजूनही नूवोच. कुठल्या कुठल्या देशांतले ते लोक, ढाणकी त्यांनी नकाशावरही पाहिलं नसेल!

कार्ड बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला. अक्षरं एकदम टाचणीसारखी टोकदार. बाबांनी चष्मा लावून वाचलं, “उमरखेड.” मग हसले, “उकार दिसतो आता.”

पहिली प्रिंट निघाली ती त्या काकांचीच. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं लिहिलेली.

हल्ली मी फोनवर ‘भंगारात द्या’ म्हणत नाही. दर रविवारी विचारतो, “बाबा, अपडेट केलं का?” तिकडून उत्तर येतं, “कॉम्प्युटर झाला. तू कधी येतो, ते सांग.”