हिवाळा, ट्रॅव्हलर आणि दादरची भाकरी

‘तू जा आणि दोघांना घेऊन ये. प्लीज.’

रात्री साडेअकराला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, राहणार फिनिक्स, ॲरिझोना. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते आणि तो ऑफिसच्या पार्किंगमधून बोलत होता. म्हणजे मामला सीरियस!

झालं होतं असं. माझा मामा वय वर्षं सदुसष्ट, मामी त्रेसष्ट. दिवाळी झाल्यावर दोघांनी डोंबिवलीतला वन बीएचके बंद केला आणि सेकंडहँड ट्रॅव्हलरमध्ये राहायला गेले. नंदुरबार जिल्ह्यात. पपईच्या शेतात! दोन वर्षांपूर्वी मामाची अँजिओप्लास्टी झालीय. ‘लोक रिटायर झाल्यावर कोकणात घर बांधतात, फार तर केसरी-वीणाबरोबर युरोपला जातात,’ दादा कळवळून म्हणाला, ‘बाबांना त्या शहाद्याचं काय एवढं वेड आहे?’

गंमत म्हणजे ही आयडिया दादाच्याच गावची. तीन वर्षांपूर्वी मामा-मामी सहा महिने त्याच्याकडे होते. अमेरिकेत आईबाबांचं जे होतं तेच यांचंही झालं. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्यासारखं काही नाही, दुपारभर टीव्ही. मग मामाला शेजारच्या मेसा शहरातल्या आरव्ही पार्कांचा शोध लागला. हिवाळा आला की मिनेसोटा, डाकोटा, पार कॅनडातून निवृत्त जोडपी घराएवढ्या गाड्या घेऊन ॲरिझोनाच्या उन्हात येतात. त्यांना म्हणतात ‘स्नोबर्ड’. पार्कात गाडी लावायची, वीज-पाणी-ड्रेनेजचे पाइप जोडायचे आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकायचा. शेजारीही तेच, दर वर्षीचे. संध्याकाळी पत्ते, रविवारी प्रत्येकाने आपापलं भांडं घेऊन एकत्र जेवण. मामाला हे जाम आवडलं. सत्तरीतली माणसं हाफपँट घालून शेजाऱ्याची गाडी दुरुस्त करतायत, आणि मुलगा काय म्हणेल याची कुणाला फिकीर नाही!

परत आल्यावर त्याने महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणाचं प्रिंटआउट काढलं, अंडरलाइन केलं आणि फाइल केलं. मामा बँकेत होता, हे सांगायला नकोच. गाडी घेऊन आतून बदलून घ्यायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त आरटीओचे कागद करायला.

मला काय, स्टोरी मिळत होती. निघाले.

मुंबईहून नंदुरबारला रेल्वेने जायचं तर आधी गुजरातेत जावं लागतं. सुरतपर्यंत वर आणि मग भुसावळच्या लाइनवर उजवीकडे. पहाटे नवापूर लागतं. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. प्लॅटफॉर्मवर एक बाक असा, की तुम्ही महाराष्ट्रात बसलात तर शेजारचा गुजरातेत. झोपेत हे बघायचं राहून जातं, म्हणून अलार्म लावा. मी लावला नव्हता.

नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली दोन तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या आदिवासी. आपल्यासारख्यांना हे नाव साधारण कुपोषणाच्या बातम्यांतून माहीत. पण हिवाळ्यात गावाबाहेर पडलात की आधी नाकात मिरची जाते. ‘पथारी’ म्हणतात तिला, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. नजर जाईल तिथपर्यंत जमीन लालभडक, आणि त्यात वाकून मिरच्या निवडणाऱ्या बायका. कॅमेरा काढला आणि सलग सात शिंका आल्या. त्या बायका माझ्याकडे बघून हसतच सुटल्या.

एसटीने तासाभरात तापीचा पूल आला आणि पलीकडे प्रकाशा. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव, इथले लोक ‘दक्षिण काशी’ म्हणतात. केदारेश्वराचं देऊळ, घाट, आणि बॅरेजमुळे तुडुंब भरलेली नदी. पुरातत्त्व खात्याने १९५५ मध्ये इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे अवशेष सापडले. म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना मुक्कामाला ही जागा आवडली होती. मामाने हे मला पहिल्या दहा मिनिटांत ऐकवलं. पाय धुवायच्या आधी.

गाडी पांढरी आणि मातीने निम्मी तपकिरी झालेली. आत दोन बंक, टू-बर्नर शेगडी, छोटा फ्रिज, टपावर सोलर पॅनल. मागच्या दाराला मामीने डोंबिवलीच्या बेडरूमचा पडदा लावलाय. शेत ज्यांचं आहे त्या भाऊंना मामाने एके काळी पाण्याच्या पंपाचं कर्ज मंजूर केलं होतं. भाऊंनी ते वेळेत फेडलं आणि आता बांधाशेजारची जागा, पाण्याची नळी आणि शेतातल्या घराचं टॉयलेट दिलंय. भाडं घेत नाहीत. त्यामुळे मामा रोज त्यांचे हिशेब लिहून देतो.

इथे एक कबुली. मी ‘बघा, किती कूल कपल’ टाइपचा लेख डोक्यात घेऊनच आले होते. पहिल्या रात्रीच तो बारगळला. रात्री पारा ११ वर गेला, पत्र्याची गाडी गारठली, पहाटे तीनला पंप चालू झाला (शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते) आणि टॉयलेटला जायचं तर टॉर्च घेऊन दीडशे पावलं. मामी उठली, स्वेटर घातला, मला बरोबर घेतलं. म्हणाली, ‘पहिल्या आठवड्यात मी रडले होते हं. तू दादाला सांगू नकोस.’

सकाळ मात्र खरंच सुंदर होती. ऊन पपईच्या पानांतून येतं, हवा कोरडी, आणि मामी चुलीवर दादरची भाकरी करते. दादर म्हणजे स्टेशन नव्हे! खानदेशातली रब्बीची ज्वारी. तिच्यावर मिरचीचा ठेचा आणि भरीत. यानंतर आपल्या ऑफिसखालच्या सॅलड बारकडे बघवत नाही.

मामाचं क्लबहाउस म्हणजे प्रकाशाचा घाट. चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेच्या बसेस सुरू होतात आणि दक्षिण तटावरून जाणारा गाडीरस्ता खेतिया-शहाद्याकडून इथे उतरतो. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवून पुढे अक्कलकुवामार्गे गुजरातेत. बसमधले निम्मे लोक पुण्या-ठाण्याचे, साठीपुढचे, कानटोपीवाले. मामा त्यांना चहा पाजतो, गोळ्यांची नावं एकमेकांना सांगतात, आणि तासाभराने बस निघून जाते. दुपारी तो पपई पॅक होते तिथे बसतो. प्रत्येक फळ रद्दी पेपरात गुंडाळून ट्रकमध्ये भरतात, उत्तरेत पाठवायला. गुंडाळायच्या आधी मामा तो पेपर वाचतो.

मी माझं काम करत होते. म्हणजे दादासाठी यादी. शहाद्याचे डॉक्टर पंधरा किलोमीटरवर, नंदुरबारचं २०२० मध्ये सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज साधारण पंचवीस, आणि मोठं काही झालं तर सुरत. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरलेला, भाऊंची जीप कायम दारात. ‘डोंबिवलीहून संध्याकाळी सहाला ठाण्याच्या हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागतो, लिही तेपण,’ मामा म्हणाला. लिहिलं.

दुपारी मामा घोरायला लागल्यावर मामी बोलली.

१९८८ मध्ये मामाला प्रमोशन मिळालं आणि शहाद्याला बदली झाली. तेव्हा हा धुळे जिल्हा होता. दादा दोन वर्षांचा, सासूबाई आजारी, डोंबिवलीत आठ माणसं. मामी जाऊ शकली नाही. मामा तीन वर्षं इथे खोली करून राहिला, महिन्यातून एकदा घरी. ‘पत्रं यायची. तापीला पूर आला, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघितले, शेवभाजी खाल्ली. मी कणीक मळता मळता वाचायचे. दोनदा म्हणाले, मे महिन्यात तुला आणतो. दोन्ही वेळा काहीतरी निघालं. हे परत आले, आणि मग शहादा हा विषयच संपला. तीन वर्षं यांच्याकडे आहेत आणि माझ्याकडे नाहीत, कळतंय का तुला?’

मला वाटत होतं, खूळ मामाचं आहे आणि मामी फरफटत आलीय. खरं तर मामाला नाशिकच्या आसपास कुठेतरी चाललं असतं. इथेच, असं मामी म्हणाली होती.

तिने यादीच केलीय. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा झाली. दत्तजयंतीला तिथे देशभरातून घोडे येतात. तिने एका व्यापाऱ्याकडून ‘पंचकल्याण’ घोडा कसा ओळखायचा ते शिकून घेतलं (चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा). तोरणमाळला जाऊन आली. मामाची जुनी खोली बघायला शहाद्यालाही गेली.

शेतावरच्या सालदाराची बायको आमच्याजवळ येऊन बसली. तिशीची असेल. तिचं माहेर नर्मदाकाठचं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, त्यातलं एक. ती लहान असताना घरच्यांना तळोद्याकडे जागा मिळाली. मामी म्हणाली, ‘ही पहिल्या दिवशी आली, गाडीत डोकावली, भांडी बघितली, पडदा बघितला आणि मला विचारलं, तुमचं गाव बी पाण्यात गेलं का?’

मामीने काय उत्तर दिलं, ते मी विचारलं.

‘काय देणार? नाही म्हटलं. मग ती म्हणाली, तर इथं कशाला?’

तिचा दीर आणि जाऊ दिवाळीनंतरच ट्रकने गेले, बारडोलीकडे ऊसतोडीला. पातेली, कोंबड्या, पोरं, सगळं त्याच ट्रकमध्ये. एप्रिलशिवाय येणार नाहीत. तिकडे त्यांच्या मुक्कामाला ‘पडाव’ म्हणतात. प्रकाशाच्या रस्त्यावरून असे ट्रक जाताना मामाने पहिल्या आठवड्यात मोजले होते. मग मोजायचं बंद केलं.

संध्याकाळी मामा मला नदीवर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, ‘एक गोष्ट दादाला माहीत नाही. घर बंद नाहीये. अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटने भाड्याने दिलंय.’

‘मामा! म्हणजे उद्या तुला बरं वाटेनासं झालं तर परत कुठे जाणार?’

‘तोच प्रश्न तो विचारेल. म्हणून नाही सांगितलं.’

‘आणि मार्चनंतर? इथे उन्हाळ्यात भाजून निघाल.’

‘बघू.’ चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस ‘बघू’ म्हणाला! मला राग आला आणि थोडा हेवाही वाटला. माझं पुढच्या तीन वर्षांचं गुगल कॅलेंडर भरलेलं आहे, आणि त्यात ईएमआयच्या तारखा सोडून फारसं काही नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मामीने सात किलो पपई बांधून दिली, पेपरात गुंडाळून. दोघं स्टॉपवर सोडायला आली. भाऊंचा कुत्राही आला.

परतीच्या गाडीत, नवापूरच्या आधी, दादाचा फोन.

‘मग? कधी येतायत?’

‘मार्चपर्यंत तरी नाही. गोळ्या वेळेवर चालू आहेत. डॉक्टर किती लांब आहेत ते मेसेज करते.’

‘आणि घराकडे कोण बघतंय?’

‘ते तू मामीला विचार. मामाला नको, मामीला.’

तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं, रेंज गेली.

‘आई ती खोली बघायला गेली होती का गं? शहाद्याची?’

म्हणजे पत्रं त्यानेही वाचली होती तर.

‘गेली होती. ती बिल्डिंग पाडलीय. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.’

‘अरेरे. मग काय केलं तिने?’

‘काही नाही. स्क्रीन गार्ड बसवून घेतला.’