मांडवीची लायब्ररी आणि आत्याचं कपाट

वडोदऱ्यात पाहुणे आले की आपण त्यांना लक्ष्मी विलास पॅलेस दाखवतो, सयाजीबागेत फिरवतो, संध्याकाळी सेव-उसळ खायला नेतो आणि निघताना लीलो चेवडो बांधून देतो. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मात्र सहसा कुणी कुणाला नेत नाही. माझा जन्म दांडिया बाजारातला, इंजिनिअरिंगही इथेच झालं, तरी मी तिथे नीट पाहत फिरलो ते यंदाच, आत्याबरोबर. कारण होतं आपल्या मंडळाच्या वाचनालयातलं एक कपाट.

दांडिया बाजारातून सुरसागरच्या काठाने न्यायमंदिराकडे यायचं. तिथून लहरीपुरा दरवाजातून आत शिरलं की रस्ता दुकानांच्या आणि स्कूटरच्या गर्दीत हरवतो. मांडवीजवळ या गर्दीतच लायब्ररीची जुनी इमारत उभी आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती शांतता. मग नजर जाते पायाखाली. पुस्तकांच्या मजल्यांवर जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा, म्हणून केलेली ही योजना. पोलादी घोडे आणि त्यांच्यामधली ही काच अमेरिकन कंपनीने पुरवलेली. आत्या पहिल्यांदा पाय ठेवताना दचकली. नंतर म्हणाली, "पुस्तकांना खालून-वरून उजेड देणारा राजा होता हो!"

महाराज सयाजीराव तिसरे अमेरिका पाहून आले आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी भारावून गेले. 1910 साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावलं. राजवाड्यातला स्वतःचा संग्रह लोकांसाठी खुला केला. बोर्डन यांनी इथल्यासाठी वर्गीकरणाची पद्धतही नव्याने बेतली. रोज डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून फार आपुलकी वाटते. पण मला सगळ्यात भावली ती फिरत्या पेट्यांची कल्पना. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची आणि ती पेटी खेड्यात पाठवायची. वाचून झाली की ती परत येणार, दुसरी जाणार. पेटीत काय आहे ते गावाने ठरवलेलं नसायचं. कथा हवी असलेल्याच्या हाती शेतीचं पुस्तकही पडणार आणि शेतीचं हवं असलेल्याच्या हाती कादंबरीही. घरात दुसरं काही वाचायला नसेल तर माणूस तेही वाचणारच.

आज आपल्या फोनमधली यंत्रणा बरोबर उलटी चालते. तुम्ही एक प्रेमकथा वाचली की ती तुमच्यापुढे आणखी वीस प्रेमकथा ठेवते. असल्या यंत्रणा बांधण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे, त्यामुळे त्यामागचं गणित मला ठाऊक आहे. तुम्हाला काय आवडलं होतं ते ती मोजते. तुम्हाला काय आवडू शकेल, हे विचारायला ती फारशी थांबत नाही.

आता त्या कपाटाबद्दल. आपल्या वाचनालयात जागा कमी आणि पुस्तकं जास्त झाली. तेव्हा बैठकीत असं ठरत आलं होतं की प्रेमकथांचं अख्खं कपाट रद्दीत द्यावं. "हलकं वाङ्मय आहे, आता कोण वाचतं?" असा सूर होता. जागेचा मुद्दा रास्तच होता. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटरवाला असला की एक्सेलची सगळी कामं त्याचीच. आत्या मदतीला आली ती भांडणाच्या तयारीने. अडुसष्ट वर्षांची माझी आत्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही आणि आयुष्यभर प्रेमकथा वाचत आली. यावरून घरात तिची थट्टा खूप झाली आहे. ती शांतपणे म्हणते, "शेवटी दोघं भेटली पाहिजेत. मला रोज शाळेत पुरेसं दुःख दिसायचं."

कपाटात ना. सी. फडके रांगेने होते. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे होत्या. फडके म्हणजे 1940 सालच्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि पुढे पद्मभूषण. त्यांना हलकं म्हणून बाजूला सारणं इतकं सोपं नाही. आत्या मात्र पदव्यांच्या भानगडीत पडत नाही. तिचं म्हणणं असं की प्रेमकथेत शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून सगळं लक्ष तो कसा येतो याकडे जातं. कोण आधी बोलेल, कोण अडून बसेल, कुणाचा मान कुठे दुखावेल. मी रहस्यकथांवर वाढलो. बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर. विचार केला तर माझंही तेच होतं. खुनी सापडणार हे ठाऊकच असतं, तरी आपण पानं उलटतोच. आणि 'दुनियादारी' लिहिणारे शिरवळकर तर दोन्ही घरांत राहिलेले.

यादी करताना माझं लक्ष पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर गेलं. तिथे तारखांचे शिक्के आणि सभासद क्रमांक होते. प्रेमकथांची ती पानं गच्च भरलेली, काहींना दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. शेजारच्या मान्यवर ग्रंथांची बरीच कोरी. मी उत्सुकतेपोटी काही सभासद क्रमांक जुन्या रजिस्टरमध्ये शोधले. प्रेमकथा नेणारी मंडळी तिथेच थांबली नव्हती. चार-पाच फडक्यांनंतर एखादीने रणजित देसाईंची 'स्वामी' नेली होती. माधवराव आणि रमाबाईंची गोष्ट म्हणून नेली असणार, आणि सोबत पेशवाईही घरी गेली. एकीने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दोनदा नेली होती. ते आत्मचरित्र आहे. पण नवरा 1895 साली ख्रिस्ती होतो, बायको काही वर्षं वेगळी राहते आणि मग दोघं पुन्हा एकत्र येतात. कुठल्या कादंबरीत इतका ताण आणि असा शेवट मिळेल? शिवाय सगळं खरं आणि हसत हसत सांगितलेलं.

एक क्रमांक आत्याचा निघाला. त्यात इरावती कर्व्यांचं 'युगान्त' होतं. मी विचारलं, "आत्या, तू आणि महाभारतावरचे लेख?" ती म्हणाली, "द्रौपदीचं प्रकरण वाच." मी वाचलं. अभ्यासक बाई पुराव्याने, थंड डोक्याने लिहीत जातात. शेवटी मात्र हिमालयात पडलेल्या द्रौपदीजवळ भीम येतो आणि आपल्यावर खरं प्रेम कुणी केलं हे तिला उमगतं. हा भाग आपला कल्पिलेला आहे, हे लेखिका लपवत नाहीत. आत्याच्या मते तिने वाचलेली ही सर्वोत्तम प्रेमकथा. "यात दोघं भेटतात का?" मी विचारलं. "उशिरा भेटतात," ती म्हणाली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. आत्याने लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही.

यानंतरच आम्ही मांडवीला गेलो. दुसऱ्या मोठ्या घरी मराठी पुस्तकांची काय स्थिती आहे ते तिला पाहायचं होतं. "मराठी? आ बाजू, बेन," म्हणत तिथल्या भाईंनी वाट दाखवली. आत्या त्या रांगांमधून बोट फिरवत चालली. इतिहासाचे ग्रंथ आणि कादंबऱ्या एकाच छताखाली, एकाच उजेडात. कुणी कुणाला रद्दीत घालत नव्हतं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "ज्या दारातून लोक घरात येतात, ते दार काढून टाकू नये."

पुढच्या बैठकीत मी रजिस्टरचे ते क्रमांक दाखवले, नावं न सांगता. चर्चा झाली, थोडी वादावादीही. कपाट दिवाळीपर्यंत ठेवायचं ठरलं. तोवर पुस्तकं फिरली तर राहतील, नाही फिरली तर मूळ बेत कायम.

तेव्हा मंडळी, आम्ही बोर्डनसाहेबांची पेटी पुन्हा काढली आहे. लाकडी नाही, कापडी पिशवी. तिच्यात चार पुस्तकं असतील: तुमच्या आवडीची दोन आणि आत्याने निवडलेली दोन. आवड सांगताना "प्रेमकथा" किंवा "रहस्यकथा" एवढंच सांगू नका. त्यात नेमकं काय आवडतं ते सांगा. भांडणारी जोडपी, जुनी शहरं, चिवट बायका, की पावसातला प्रवास? निवड त्यावरूनच जमते. मराठी वाचायला वेळ लागत असेल तरी चालेल. आपल्यातल्या बऱ्याच जणांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी होती, माझीही. प्रेमकथेने सुरुवात करा, भाषा सोपी आणि ओढ जबरदस्त.

पिशव्या दर रविवारी सकाळी मंडळात मिळतील. पुस्तक आवडलं नाही तर आत्याला तसं तोंडावर सांगायची मुभा आहे. का आवडलं नाही, हे मात्र ती विचारल्याशिवाय सोडणार नाही.